ॲपलाचियन ओढ्यांतील ट्राउट आणि स्मॉलमाउथ : मूळचे आणि आणलेले

उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला समांतर गेलेल्या ॲपलाचियन पर्वतरांगेच्या दक्षिण भागात, म्हणजे व्हर्जिनिया, वेस्ट व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायना आणि टेनेसी या राज्यांच्या डोंगराळ पट्ट्यात, सुटी घालवायला येणाऱ्यांच्या छंदांमध्ये ओढ्याकाठी गळ टाकण्याला शतकाहून अधिक काळ मानाचे स्थान आहे. ग्रेट स्मोकी माउंटन्स या एकट्या राष्ट्रीय उद्यानात अलीकडे वर्षाला 1 कोटी 20 लाखांहून अधिक भेटींची नोंद होते, आणि शार्लट, अटलांटा अशा शहरांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या सहलीही याच डोंगरांकडे वळतात. या पाण्यात गळाला लागणारे मानाचे मासे चार : ब्रुक ट्राउट, रेनबो ट्राउट, ब्राउन ट्राउट आणि स्मॉलमाउथ बास. त्यांची ओळख बहुधा आकार, झुंजारपणा आणि चव या अंगांनीच करून दिली जाते. परंतु त्यांपैकी कोणता मासा कोणत्या पाण्याचा मूळ रहिवासी आहे, कोणता बाहेरून आणून सोडला गेला आणि त्यापायी आधीच्या माशांचे काय झाले, हे प्रश्न बाजूला ठेवून या छंदाचा विचार पुरा होऊ शकत नाही, कारण आज या डोंगरांत गळाला काय लागते हे निसर्गाइतकेच मागच्या दीडशे वर्षांतील माणसांच्या निर्णयांनी ठरवलेले आहे.

माशांची ही वाटणी मुळात पाण्याच्या तापमानावर उभी आहे. थंड पाण्यात प्राणवायू अधिक विरघळतो. समुद्रसपाटीच्या दाबाला 10 अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 11.3 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर 25 अंशांना तेच प्रमाण सुमारे 8.3 मिलिग्रॅमवर येते, आणि नेमक्या त्याच वेळी माशाच्या शरीराची प्राणवायूची गरज मात्र वाढलेली असते. ट्राउट कुळातील मासे या कात्रीत फार लवकर सापडतात. ब्रुक ट्राउटला साधारण 10 ते 16 अंशांचे पाणी मानवते, 20 अंशांच्या वर त्याची ओढाताण सुरू होते आणि 25 अंशांच्या आसपास तो फार काळ तग धरू शकत नाही. उलट स्मॉलमाउथ बास 20 ते 27 अंशांच्या पाण्यात सर्वांत जोमाने वाढतो. त्यामुळे एखादा ओढा डोंगरमाथ्यावरून उतरत खाली नदीला मिळतो तेव्हा त्याच्या वरच्या टोकाला ट्राउट, खालच्या टोकाला स्मॉलमाउथ आणि मध्ये दोघांची सरमिसळ, अशी मांडणी आपोआप होते. ट्राउट म्हणजे उच्चकुलीन आणि बास म्हणजे त्याखालचा, अशी जी प्रतवारी गळ टाकणाऱ्यांच्या मनात पिढ्यान्‌पिढ्या रुजली आहे, तिला या मांडणीत काहीही आधार नाही.

दक्षिण ॲपलाचियनमध्ये मूळचा म्हणता येईल असा ट्राउट एकच, आणि तो म्हणजे ब्रुक ट्राउट. शास्त्रीय वर्गीकरणात साल्व्हेलिनस फाँटिनॅलिस या नावाने नोंदलेला हा मासा काटेकोरपणे पाहता ‘चार’ (char) नावाच्या माशांच्या गटात मोडतो. डोंगरातील जुने रहिवासी त्याला ठिपक्यांवरून ‘स्पेक’ म्हणतात. ओल्या तळहातावर क्षणभर धरलेला ब्रुक ट्राउट जवळून पाहिला, तर पाठीच्या गडद हिरव्या रंगावर पुसट पिवळसर नागमोडी रेषांची नक्षी दिसते, कुशीवर लाल ठिपके आणि त्यांतील प्रत्येकाभोवती निळसर वलय दिसते, आणि पोटाकडच्या केशरी परांची पुढची कड पांढरीशुभ्र व तिला लागूनच काळी रेघ असते. या पांढऱ्या कडेवरून तो वाहत्या पाण्यातही ओळखू येतो. शरद ऋतूत, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, मादी बारीक खडीत खळगा करून अंडी घालते आणि ती हिवाळाभर खडीखाली राहून वसंताच्या तोंडावर फुटतात. डोंगरमाथ्याच्या ओढ्यांत अन्न तुटपुंजे असल्याने हा मासा क्वचितच वीतभराहून मोठा होतो आणि त्याचे आयुष्यही थोडकेच, तीन-चार वर्षांचे असते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हा मासा आजच्यापेक्षा कितीतरी खालच्या उंचीवर भरपूर आढळत असे. त्याच्यावर पहिला घाव घातला तो लाकूडतोडीने. 1901 मध्ये टेनेसीच्या बाजूला लिटल रिव्हर लंबर कंपनी उभी राहिली आणि पुढील साडेतीन दशकांत स्मोकी पर्वतातील दऱ्या एकामागून एक उघड्या पडत गेल्या. डोंगरउतारांवर आगगाडीचे रूळ टाकले गेले, आणि काही ओढ्यांवर लाकडाचे तात्पुरते बंधारे बांधून ते एकदम फोडायचे व त्या लोंढ्यासरशी ओंडके खाली वाहून न्यायचे, अशी पद्धत होती. सावली गेल्याने पाणी तापले आणि उघड्या मातीचा गाळ खडीत बसल्याने अंडी गुदमरली. 1934 मध्ये राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले तेव्हा जंगल पुन्हा वाढू लागले, पण ओढ्यांत तोवर दुसरेच मासे आले होते.

रेनबो ट्राउट हा मूळचा पॅसिफिक महासागराला मिळणाऱ्या नद्यांचा. 1870 च्या दशकात कॅलिफोर्नियातून त्याची अंडी पूर्वेकडे येऊ लागली आणि आगगाडीने ती देशभर पसरली. ब्राउन ट्राउट युरोपचा. 1883 मध्ये जर्मनीतील फॉन बेअर यांनी न्यूयॉर्कच्या फ्रेड मॅथर यांच्याकडे पाठवलेल्या अंड्यांपासून त्याचा अमेरिकेतील विस्तार सुरू झाला. लाकूड कंपन्यांनी, स्थानिक शिकारी-मच्छीमार मंडळांनी आणि पुढे खुद्द उद्यानाच्या प्रशासनानेही ओस पडलेल्या ओढ्यांत मत्स्यबीज केंद्रातली बोटुकली सोडण्याचे काम 1970 च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालू ठेवले. त्यामागचा हेतू वाईट नव्हता. झाडी तुटलेल्या, तापलेल्या पाण्यात ब्रुक ट्राउट टिकत नव्हता, रेनबो मात्र टिकत होता, आणि सुटीसाठी येणाऱ्यांना मासे हवे होते. परिणाम असा की विसाव्या शतकाच्या आरंभापासून उद्यानातील आपल्या मूळ क्षेत्रापैकी सुमारे 75 टक्के क्षेत्र ब्रुक ट्राउटने गमावले आणि तो मुख्यतः 3,000 फुटांच्या वरच्या, धबधब्यांनी सुरक्षित झालेल्या टोकांवर उरला.

या पीछेहाटीचे नेमके कारण कोणते, यावर अभ्यासकांत बराच खल झालेला आहे. एका मतानुसार मूळ घाव लाकूडतोडीचा असून रेनबो केवळ रिकाम्या झालेल्या जागेत शिरला. दुसऱ्या मतानुसार जंगल परतल्यावरही ब्रुक ट्राउट खाली उतरू शकला नाही याचे कारण रेनबोची चढाओढ हेच आहे, कारण रेनबो अधिक मोठा होतो, अधिक अंडी घालतो आणि डोहातल्या मोक्याच्या जागा बळकावतो. दोन्ही मतांना पुरावा आहे, पण जंगल सावरल्यानंतरची परिस्थिती पाहता दुसऱ्या मताचे पारडे जड वाटते. तरीही रेनबोची आगेकूच सरळ रेषेत झालेली नाही हेही ध्यानात घ्यावे लागते. तो वसंतात अंडी घालतो, त्यामुळे वसंतातला एखादा मोठा पूर त्याची वर्षभराची वीण धुऊन नेतो, आणि आम्लधर्मी पाणी त्याला ब्रुक ट्राउटपेक्षा कमी सोसते. म्हणून काही ओढ्यांत या दोहोंमधली सीमारेषा दर काही वर्षांनी मागेपुढे सरकत राहिलेली आढळते.

ब्रुक ट्राउटला त्याची जागा परत मिळवून देण्याचे जे प्रयोग उद्यानात झाले, त्यांतील लिन कॅम्प प्राँग या ओढ्यावरचा प्रयोग विशेष अभ्यसनीय आहे. तेथे खालच्या बाजूला रेनबोला चढून जाता येणार नाही असा नैसर्गिक धबधबा आहे. त्याच्या वरच्या सुमारे 8 मैल लांबीच्या प्रवाहजाळ्यात अँटिमायसिन हे द्रव्य थेंबाथेंबाने सोडण्यात आले. हे एका सूक्ष्मजीवापासून मिळणारे प्रतिजैविक असून ते कल्ल्यांवाटे माशाच्या शरीरात जाते आणि पेशींचे श्वसन बंद पाडते, मात्र त्याची मात्रा पाण्याच्या अब्ज भागांत काही भाग इतकी सूक्ष्म असल्याने इतर जीवांना त्याचा उपद्रव पुष्कळ कमी होतो. धबधब्याच्या खाली पाण्यात पोटॅशियम परमँगनेट मिसळून द्रव्याचा प्रभाव तेथेच संपवला जातो. एका फेरीत सगळे रेनबो संपत नाहीत, एखादी जोडी उरली तरी सगळे श्रम वाया जातात, म्हणून काम पुन्हा करावे लागते. त्यानंतर शेजारच्या ओढ्यांतून, त्याच दक्षिणी वंशाचे ब्रुक ट्राउट विजेच्या सौम्य धक्क्याने बधिर करून पकडले जातात आणि वाहून आणून सोडले जातात. उत्तरेकडील मत्स्यबीज केंद्रांतले ब्रुक ट्राउट यासाठी चालत नाहीत, कारण दक्षिण ॲपलाचियनमधील माशांचा आनुवंशिक वंश वेगळा आहे हे सिद्ध झालेले आहे. 2008 च्या सुमारास सुरू झालेल्या या कामानंतर 2015 मध्ये हा ओढा गळासाठी खुला झाला. तत्पूर्वी 2006 मध्ये, सुमारे तीन दशकांच्या बंदीनंतर, उद्यानातील ब्रुक ट्राउट गरवण्यावरची सरसकट बंदीही उठवण्यात आली, कारण मर्यादित पकड होऊनही त्यांची संख्या घटत नाही असे प्रत्यक्ष तपासणीत दिसून आले होते.

ओढ्यात विष घालून मासे काढणे हा विचार ज्यांना रुचत नाही त्यांचा संकोच समजण्यासारखा आहे, आणि त्याला इतिहासाचा आधारही आहे. 1957 मध्ये याच उद्यानातील ॲब्रॅम्स क्रीकच्या खालच्या भागात रोटेनोन हे द्रव्य टाकून तिथले मूळ मासे नष्ट करण्यात आले होते. चिल्होवी धरणाचा जलाशय भरण्याच्या सुमारास वरच्या बाजूला रेनबोची उत्तम शिकार व्हावी हा त्यामागचा उद्देश होता. त्या वेळी मेलेल्या माशांमध्ये कॅटफिशच्या कुळातला, बोटाएवढ्या लांबीचाही जेमतेम भरणारा एक मासा मिळाला. स्मोकी मॅडटॉम हे नाव देऊन त्याचे शास्त्रीय वर्णन 1969 मध्ये झाले, तेव्हा तो कायमचा नामशेष झाला असेच धरले जात होते. सुदैवाने 1980 मध्ये तो जवळच्या सिटिको क्रीकमध्ये जिवंत सापडला, आणि नॉक्सव्हिलच्या एका संवर्धन संस्थेने टाक्यांत वाढवलेली त्याची पिल्ले 1986 पासून ॲब्रॅम्स क्रीकमध्ये परत सोडण्यात आली. द्रव्य वापरले हा दोष दोन्ही घटनांत समान असला, तरी 1957 मध्ये बाहेरच्या एका माशासाठी मूळच्या कित्येक जाती मारल्या गेल्या आणि लिन कॅम्पमध्ये मूळच्या एका माशासाठी बाहेरचा एक काढला गेला; हा फरक निर्णायक आहे, आणि दुसऱ्या प्रकारच्या कामाला दिलेला पाठिंबा योग्यच ठरतो.

स्मॉलमाउथची कथा याहून गुंतागुंतीची आहे. मायक्रॉप्टेरस डोलोमियू या शास्त्रीय नावाचा, कांस्यरंगी अंगाचा आणि तांबूस डोळ्यांचा हा मासा ग्रेट लेक्स, ओहायो आणि टेनेसी नद्यांच्या खोऱ्यांचा मूळ रहिवासी आहे. म्हणजे ॲपलाचियनच्या पश्चिम उताराचा. लिटल रिव्हर, ॲब्रॅम्स क्रीकचा खालचा भाग किंवा पिजन नदी येथे तो आपल्या घरी आहे. पूर्वेकडे अटलांटिकला मिळणाऱ्या नद्यांत मात्र तो नव्हता. बॉल्टिमोर आणि ओहायो लोहमार्ग डोंगर ओलांडून पश्चिमेला व्हीलिंगपर्यंत पोहोचल्यानंतर, 1854 मध्ये, विल्यम श्रायव्हर यांनी ओहायोच्या खोऱ्यातले काही स्मॉलमाउथ इंजिनाच्या मागच्या पाण्याच्या टाकीत छिद्रे पाडलेल्या बादलीतून आणले आणि कंबरलंड येथे कालव्यात सोडले. तेथून ते पोटोमॅक नदीत आणि तिची उपनदी असलेल्या शेनन्डोआत पसरले. शेनन्डोआच्या स्मॉलमाउथची कीर्ती आज एवढी मोठी आहे की तो मासा तिथला नव्हे हे सांगितल्यावर जाणकारांनाही आश्चर्य वाटते.

या माशाची वीण पाहण्यासारखी असते. वसंताच्या उत्तरार्धात पाणी 15 ते 18 अंशांवर आले की नर संथ पाण्यातल्या खडीत शेपटीने झाडून उथळ, गोल खळगा करतो. त्यात मादी अंडी घालून निघून जाते आणि नर तिथेच थांबतो, परांनी पाण्याची हालचाल चालू ठेवतो, गाळ बसू देत नाही आणि जवळ येणाऱ्या प्रत्येक माशावर धावून जातो. अंडी फुटून पिल्ले पांगेपर्यंत, कित्येक दिवस, तो जवळजवळ काही खात नाही. त्या काळात तो गळावर मात्र सहज झडप घालतो, कारण गळ त्याला शत्रू वाटतो. आणि त्याला काही मिनिटे जरी उचलून धरले, तरी तेवढ्यात इतर छोटे मासे येऊन खळगा रिकामा करतात. म्हणून मे-जूनमध्ये उथळ पाण्यात असे स्वच्छ गोल दिसले, तर तिथे गळ टाकू नये. थंड डोंगराळ नदीत त्याची वाढ सावकाश होते. फूटभर लांबी गाठायला चार-पाच वर्षे लागतात, आणि असा मासा एका जेवणात संपवणे हा शहाणपणा नव्हे.

धरणांनी ट्राउट आणि स्मॉलमाउथ यांची जागा काही ठिकाणी उलटीच करून टाकली. टेनेसी व्हॅली ऑथॉरिटीने 1936 मध्ये क्लिंच नदीवर नॉरिस धरण पुरे केले, पुढे होल्स्टन आणि वटॉगा या नद्यांवरही धरणे झाली. त्यांच्या तळातून सोडले जाणारे पाणी बारमाही थंड असल्याने खालच्या बाजूचे स्मॉलमाउथ आणि गोड्या पाण्यातले शिंपले मागे हटले आणि तिथे बाहेरून आणलेल्या ट्राउटची प्रसिद्ध क्षेत्रे तयार झाली. मूळ नदी आता तिथे नाहीच, तेव्हा त्या पाण्यात रेनबो आणि ब्राउन वाढवण्याला विशेष आक्षेप घेता येत नाही. मात्र त्याला निसर्गाची देणगी म्हणून मिरवणे चुकीचे आहे.

या सगळ्यावर हवेतून आणि जमिनीतून येणारे संकट वेगळेच आहे. कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रांच्या धुरातून आलेल्या आम्लवर्षेने डोंगरमाथ्याच्या ओढ्यांचा सामू, म्हणजे पाण्याची आम्लता दाखवणारा आकडा, खाली आला. किती खाली, हे खालच्या खडकावर अवलंबून राहिले. शेनन्डोआ राष्ट्रीय उद्यानात ज्या ओढ्यांखाली बेसाल्ट, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचाच प्राचीन आणि रूपांतरित भाऊबंद आहे, त्यांत आम्ल शमवणारे क्षार पुरेसे विरघळतात आणि मासे टिकतात. ज्यांच्याखाली वालुकामय, क्वार्ट्झप्रधान खडक आहे, तिथे ब्रुक ट्राउटचीही दमछाक होते. 1990 मध्ये अमेरिकेचा हवा-शुद्धता कायदा कडक झाल्यानंतर धुरातले गंधक बरेच घटले, पण मातीत साठलेले आम्ल निघून जायला दशके लागतात. दुसरे संकट आशियातून आलेल्या, हेमलॉक वृक्षाचा रस शोषणाऱ्या कापसाळ किडीचे. 1951 मध्ये व्हर्जिनियातल्या रिचमंडला आढळलेली ही कीड 2002 मध्ये स्मोकी पर्वतात पोहोचली आणि ओढ्यांवर बारमाही सावली धरणारी प्रचंड झाडे वाळू लागली. हवामान तापत असताना ही सावली जाणे ब्रुक ट्राउटला परवडणारे नाही. खालच्या नद्यांतला स्मॉलमाउथही सुखात नाही : शेनन्डोआ नदीत 2004-05 मध्ये मोठी मरतूक झाली, आणि पोटोमॅकच्या खोऱ्यातल्या नर स्मॉलमाउथच्या वृषणांत अपक्व अंडी आढळून आली, ज्यामागे शेती आणि सांडपाण्यातून येणाऱ्या संप्रेरकसदृश रसायनांचा संशय घेतला जातो.

एका खोऱ्याचा मासा दुसऱ्या खोऱ्यात सोडण्याचा हा इतिहास महाराष्ट्राला परका नाही. निसर्ग-अभ्यासक सायक्स यांनी 1839 मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून ज्याचे वर्णन केले, तो टॉर खुद्री हा महासीर लोणावळ्याजवळच्या वळवण येथे मोठ्या प्रमाणावर पैदा करण्यात आला. संवर्धनाच्या चांगल्या हेतूनेच त्याची बोटुकली 1970 च्या दशकापासून दूरदूरच्या नद्यांत सोडली गेली, त्यांत कावेरीही होती. कावेरीचा स्वतःचा वशिंडवाला महासीर, टॉर रेमादेवी, त्यानंतरच्या काळात झपाट्याने घटला आणि आज तो अतिसंकटग्रस्त जातींत गणला जातो. त्या घसरणीत बाहेरून आलेल्या खुद्रीचा वाटा मोठा मानला जातो.

गळ टाकण्याच्या पद्धतीबद्दल थोडक्यात सांगायचे, तर वरच्या ओढ्यांवर ऱ्होडोडेंड्रॉनच्या झुडपांचे छत इतके खाली आलेले असते की सात-आठ फुटांची हलकी काठी आणि काठीपेक्षा थोडीच लांब दोरी पुरते. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, म्हणून माणसाने खालून वर, वाकून आणि सावली पाण्यावर न पाडता जावे, आणि कृत्रिम माशी खळाळ संपून डोह सुरू होतो त्या रेषेवर टाकावी. स्मॉलमाउथसाठी रुंद नदीत गुडघाभर पाण्यात उतरून, बुडालेल्या खडकांच्या कडेला, पहाटे किंवा तिन्हीसांजेला, क्रेफिश या खेकडावर्गीय प्राण्याच्या आकाराचे आमिष तळाशी हळूहळू ओढावे. स्मोकी उद्यानात टेनेसी किंवा नॉर्थ कॅरोलायना यांपैकी कोणत्याही एका राज्याचा परवाना चालतो. जिवंत आमिषाला बंदी आहे, कारण मासा ते खोल गिळतो आणि सोडला तरी अनेकदा जगत नाही. चारही मासे मिळून दिवसाला पाच, आणि प्रत्येकाची लांबी किमान सात इंच, अशी मर्यादा आहे. शेजारच्या चेरोकी लोकांच्या क्वाला प्रदेशातल्या पाण्यासाठी त्यांच्या आदिवासी प्रशासनाचा वेगळा परवाना लागतो. मुलांना ओढ्यात दगड रचून बंधारा घालायला आवडते, पण उद्यानात तेही निषिद्ध आहे, कारण त्याच दगडांखाली हेलबेंडर हा दोन फुटांपर्यंत वाढणारा सॅलामँडर आणि माशांची अंडी असतात.

बहुतेक कुटुंबांची सुटी जुलै-ऑगस्टमध्ये येते, आणि मधल्या उंचीवरच्या ट्राउटला नेमक्या त्याच महिन्यांत दुपारच्या पाण्याचा सर्वाधिक ताण असतो; दमलेला मासा काळजीपूर्वक सोडला तरी तो पुढे मरू शकतो. स्मॉलमाउथचा ऐन हंगाम तेव्हाच असतो, तो टेनेसीच्या बाजूला मूळचा आहे, त्याची वीण आटोपलेली असते आणि उबदार पाणी त्याला मानवते. तरीही सुटीतला पर्यटक त्याच्याकडे पाठ फिरवून ट्राउटच्या मागे जातो, ही सवय सोडायला हवी. उन्हाळ्यात या डोंगरांत जाणाऱ्याने खिशात एक साधा तापमापक ठेवावा, ओढ्यात पाय घालण्यापूर्वी तो पाण्यात धरावा, आणि पारा 20 अंशांच्या वर गेला असेल तर ट्राउटला त्रास न देता खाली उतरून लिटल रिव्हरच्या काठी स्मॉलमाउथसाठी गळ टाकावा.